कोनाचा कोन

साडूंचा फोन सकाळी साडेसहाला वाजला तेव्हाच मी ओळखलं, कुठंतरी काहीतरी गळतंय. अण्णा एरवी नऊच्या आत कुणाला फोन करत नाहीत. हयात बँकेत गेली. वेळेआधी खिडकी उघडायची नाही, हे अंगात मुरलेलं.

“बापू, बोटीचं इंजिन रात्री वर उचलून ठेवलं होतं. आत्ता बघतोय तर खाली. शेपूट पाण्यात.” मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, “आणि पाण्यावर तवंग आहे. लालसर. मैयाच्या पाण्यात तेल गेलं हो आपल्यामुळं.”

अण्णा चांदोदला होते. बडोद्याहून डभोईमार्गे तासा-सव्वातासाचा रस्ता. तिथं ओरसंग नर्मदेला मिळते आणि तिसरी सरस्वती गुप्त आहे म्हणतात, म्हणून त्रिवेणी. आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना हा रस्ता पाठ असतो, कारण पुढं गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी. अण्णांनी निवृत्तीनंतर परिक्रमा केली. बसनं केली, हे ते स्वतःच आधी सांगून टाकतात, म्हणजे दुसऱ्यानं विचारायला नको. परिक्रमेतला माणूस नर्मदेत अंगाला साबणसुद्धा लावत नाही. त्यामुळं तो तवंग माझ्या लेखी होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, गळाल्याची खूण असला, तरी त्यांच्या लेखी प्रकरण वेगळंच होतं. मी म्हणालो, “हात लावू नका, बोट ट्रेलरवर चढवा आणि घरी आणा.”

“हात लावू नका” हे मी का म्हणालो, ते पुढं सांगतो.

आता ही बोट. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, भजनी मंडळात जातात. अण्णांनी सोळा फुटांची फायबरची जुनी होडी घेतली आणि तिच्यासाठी अलंगहून आउटबोर्ड इंजिन आणलं. अलंग म्हणजे भावनगर जिल्ह्यातला तो किनारा, जिथं 1983 पासून जहाजं तोडायला आणतात. भरतीच्या पाण्यावर जहाज स्वतःच्या ताकदीनं किनाऱ्यावर घुसवायचं आणि ओहोटीला ते चिखलात रुतलं की कापायला घ्यायचं. कापलेल्या जहाजाच्या पोटातून निघालेलं सगळं सामान रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला मांडतात. गाद्या, कपबश्या, डायनिंग टेबलं, लाइफ जॅकेट, व्यायामाची सायकल. अण्णा गेले होते खुर्च्या बघायला. आले ते तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, सत्तर हॉर्सपॉवरचं, बहुधा ऐंशीच्या दशकातलं अमेरिकन इंजिन घेऊन. नावाचं स्टिकर उन्हानं पांढरं झालेलं, आणि सोबत दुकानदाराची हमी की “चालू हालतमां छे.”

चालू होतं, हे मान्य करायला हवं. सुरू होताना अर्धं चांदोद धुरात जायचं, पण व्हायचं.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन. या कल्पनेला धंद्याचं रूप देणाऱ्यांपैकी मोठं नाव ओले एव्हिनरूड, नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वाढलेला मेकॅनिक. त्यानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कंपनी काढली. गोष्ट अशी सांगतात की, उन्हाळ्याच्या दिवसात त्याच्या होणाऱ्या बायकोला आइस्क्रीम हवं झालं, हा वल्हवत जाऊन घेऊन आला, तोवर त्याचं पाणी झालेलं. तेव्हा याच्या डोक्यात आलं, होडीला इंजिन हवं. खरं-खोटं तो जाणे. पण बायकोच्या बोलण्यातून यंत्र जन्माला येऊ शकतं, यावर माझा विश्वास आहे.

टांगलेलं इंजिन उथळ पाण्यात वर उचलावं लागतं, नाहीतर पंखा तळाला घासतो. चांदोदला तर हे फारच लागतं. वर सरदार सरोवर. तिथून पाणी सुटेल तशी पातळी बदलणार. काल जिथून आरामात गेलो तिथं आज वाळूचा पट्टा. लहान इंजिन हातानं उचलता येतं, पण हे अवजड धूड. त्याला बटण असतं. बटण दाबलं की बारा व्होल्टची मोटर फिरते, ती एक छोटा पंप फिरवते, पंप तेल ढकलतो आणि इंजिनाच्या दोन बाजूंचे दोन सिलिंडर ते वर उचलतात. उलटं बटण, मोटर उलटी, तेल दुसऱ्या बाजूनं, इंजिन खाली. नव्या इंजिनांत हे सगळं एका ठोकळ्यात बसवलेलं असतं. अण्णांच्या इंजिनाचा पंप मात्र होडीच्या आत आणि सिलिंडर फळीच्या बाहेर. मधलं अंतर चार रबरी होजचं. प्रत्येक सिलिंडरला एक वर नेणारा, एक खाली आणणारा.

चाळीसएक वर्षं त्या चार होजनी ऊन, खारं पाणी, जहाजाचा डेक आणि शेवटी अलंगची धूळ खाल्ली होती.

ट्रेलर मांजलपूरच्या सोसायटीत आला तेव्हा जो यायचा तो एकच विनोद करून जायचा. 2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातली विश्वामित्री नदी पस्तीस फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी सव्वीस. लोकांच्या अंगणात मगरी आल्या होत्या. त्यामुळं “अण्णासाहेब, यंदा तयारी आधीच?” आणि “मगरीला सीट ठेवलीय ना?” अण्णा हसायचे. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत, अठरा तारखेला, हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या होत्या. त्यावरून कुणी विनोद करत नव्हतं. अण्णांच्या होडीत कोण बसणार? नातवंडं, आणि आमच्या दोघांच्या बायका. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लाइफ जॅकेट आधी, बाकी सगळं नंतर. होजच्या बाबतीत माझा जो हट्टीपणा झाला, त्याचं मूळ तिथं आहे.

अण्णांचं निदान तयार होतं. सिलिंडरचं खालचं टोक तेलानं माखलेलं, म्हणजे सिलिंडरचं सील गेलं. कुणीतरी त्यांना तसं सांगितलंही होतं आणि खर्चाचा आकडाही दिला होता. मी काही बोललो नाही. रॉकेल आणि चिंधी घेऊन सगळं पुसून कोरडं केलं आणि मेहुणीबाईंकडं अंगाला लावायची टाल्कम पावडर मागितली.

“कशाला?”

“नवरदेवाला लावायची आहे.”

सिलिंडर, होज, जोड, सगळीकडं पावडर मारली. मग बटण दाबून इंजिन वर घेतलं आणि चहा प्यायला आत गेलो. तेल फार लबाड. निघतं एका ठिकाणी, अंगाअंगानं सरकत सगळ्यात खालच्या टोकाला जातं आणि तिथून टपकतं. आपण टपकण्याच्या जागेला दोष देतो. वीस मिनिटांनी बाहेर आलो तर डाव्या सिलिंडरच्या वरच्या होजवर, फेरूलला (होजच्या टोकावरचं धातूचं टोपण) लागून, पावडरीत एक गुलाबी ठिपका. मसूर डाळीच्या दाण्याएवढा. तिथून एक बारीक ओघळ होजच्या पोटावरून खाली, सिलिंडरच्या टोकापर्यंत. सील कोरडं ठणठणीत.

अण्णा वाकले आणि त्यांनी बोट पुढं केलं. मी त्यांचा हात झटकला. जरा जोरातच. सख्खे साडू, वयानं मोठे, तरी.

बरीच वर्षं झाली. मी ज्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो तिथं प्रेसच्या लाइनवर होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. आमच्यातला एक फिटर, चांगला जाणता माणूस, गळती नेमकी कुठं आहे ते बघायला त्यावरून बोट फिरवत गेला. “स्स” म्हणाला आणि हात मागं घेतला. बघतो तर मुंगी चावल्याएवढी खूण. रक्त नाही. दुखतही नाही म्हणाला, आणि पाळी संपेपर्यंत काम केलं. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. त्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडीच्या आत शिरली होती आणि आतल्या आत पसरत गेली होती. सर्जननं हात उघडून धुतला. तर्जनी अर्धी गेली. बाहेरून काहीच दिसत नाही, हेच या जखमेचं भयंकर. स्कूटरच्या टायरमध्ये तीस पीएसआय हवा असते. इथं तेल हजार-दोन हजार पीएसआयवर सहज जातं. तेव्हापासून मी गळती शोधायला पुठ्ठा वापरतो. बुटांच्या खोक्याचं झाकण सगळ्यात चांगलं.

अण्णांनी हात खिशात घातला, तो त्या दिवशी परत काढला नाही.

मग वाद. अण्णा म्हणाले, एक होज फुटलाय, एक बदलू. मी म्हणालो, चारही.

“तीन चांगले आहेत ना?”

“चौघांचा जन्म एकाच दिवशीचा आहे.”

“मग माझा एक दात हलतोय, तर बत्तीसही काढायचे का?”

बँकवाल्याशी वाद घालू नये. मी गुपचूप पाना उचलला, फुटलेला होज काढला (त्याची हकीकत पुढं) आणि त्याच्या शेजारचा, ‘चांगला’ म्हणवला जाणाराही काढला. हॅक्सॉनं फेरूलपासून चार बोटांवर कापला आणि उभा चिरून त्यांच्या हातात दिला. बाहेरचं रबर ठीक दिसत होतं. त्याखालची पोलादी जाळी, जी खरा दाब झेलते, ती फेरूलजवळ गंजून तपकिरी भुगा झालेली. नखानं खरवडली तर सांडली. आणि आतली नळी कडक, सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी. वाकवली तर टचकन मोडली. अण्णांनी तो तुकडा बराच वेळ उलटसुलट केला. “वापरात कुठं होता एवढा?” म्हणाले. नव्हताच. पडून होता. रबर पडल्या पडल्याही म्हातारं होतं, ऊन आणि हवा त्याला पुरतात.

चारचं ठरलं.

काढण्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती तीन दिवस चालली आणि त्यात सांगण्यासारखं कमी, शिव्या जास्त. आधी इंजिन वर घेऊन त्याच्या स्वतःच्या लोखंडी अडणीवर टेकवलं, वर लाकडाचा ठोकळा, वर दोर. अण्णांना हे अति वाटलं, पंप धरतोय की म्हणाले. ज्या पंपाचे होज आपण काढणार आहोत तोच इंजिन धरून ठेवेल, हा विश्वास मला कळला नाही. मग हातानं सोडायचा स्क्रू हळूहळू ढिला करून दाब मोकळा केला. इंजिन बोटभर खाली येऊन ठोकळ्यावर बसलं. चारही होज दिसायला सारखेच, आणि वरचा खालच्या जागी गेला तर बटण उलटं चालणार. म्हणून बायकोच्या विणकामाच्या पिशवीतून चार रंगांची लोकर आणून जोडाजोडाला बांधली. आटे गंजलेले. भेदक तेल मारायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पाना लावायचा, हलत नाही म्हणून पुन्हा तेल. घाईत साधा पाना लावला की नटाच्या कडा गोल होतात, आणि मग तो नट आपला राहत नाही. आत पेट्रोलची नळी, त्यामुळं आच दाखवायचा प्रश्नच नव्हता. वडील असते तर एवढा वेळ लागला नसता, असं दोनदा मनात आलं. ते प्रतापनगरच्या नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1862 मध्ये डभोई-मियागाम रुळांवर गायकवाडांनी गाड्या सुरू केल्या तेव्हा त्या बैल ओढायचे; वडिलांच्या हातात आली ती इंजिनं वाफेची. गंजलेला नट ते आधी जरासा घट्ट करायचे आणि मग सोडायचे. मी तेच केलं. सुटला.

तेल निघालं ते लाल नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहासारखं. म्हणजे पाणी शिरलेलं. पंपाची सगळी तोंडं स्वच्छ बुचांनी बंद केली, कारण या कामात धुळीचा एक कणसुद्धा नंतर झडपेत जाऊन बसतो आणि सहा महिन्यांनी सूड घेतो.

मापं घेताना मला माझ्यावरच खूश व्हायला झालं. नवीन माणूस जुना होज टेबलावर सरळ करून मोजतो. मी इंजिन पूर्ण वर, पूर्ण खाली, पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं करून दोरीनं मापलं. दाब आला की होज लांबीत थोडा बदलतो, कधी शंभरात चार भाग आखडतोही. ताणून बसवला तर पहिल्याच झटक्यात फेरूलवर जोर येतो. पाव इंची एका जाळीचा होज शंभर मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवायचा नाही. हे सगळं वहीत लिहिलं. आटे मोजायला गेज लावलं. पंपाच्या अंगात शिरणारं टोक निमुळतं, पाव इंची, इंचाला अठरा आटे, म्हणजे एनपीटी, आट्यांचं अमेरिकन माप. आपल्याकडं दुकानात सरसकट मिळतं ते बीएसपी, त्याचे एकोणीस. दोन-अडीच फेऱ्या सहज जातात आणि मग अडकतं, लोक पान्याला पाइप लावून पुढं दामटतात. अण्णांना मी हे दहा मिनिटं समजावलं. एका आट्याच्या फरकानं किती लोक फसतात, वगैरे. होजच्या नटाचे आटे मोजले: सात सोळांश व्यास, इंचाला वीस. म्हणजे जेआयसी, दाबाच्या तेलाच्या जोडांचं एक ठरलेलं माप. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, होजची दुकानं ओळीनं आहेत. आमच्या ओळखीचं एक, बाप-लेकाचं. बाप गल्ल्यावर, लेक क्रिम्पिंग मशीनवर. लेकानं होज कापला, कापताना आत गेलेला रबराचा आणि जाळीचा चुरा हवेनं उडवून काढला, फेरूल चढवलं, निप्पल ठोकलं आणि मशीनच्या आठ जबड्यांत धरून बटण दाबलं. जबडे एकदम चोहोबाजूंनी मिटतात, अंगठीसारखे. मग व्हर्निअरनं फेरूल मोजलं. मला ते बघायला आवडतं. त्याला ‘झालं’ म्हणायची घाई नव्हती. चार होज झाले. त्यानं विचारलं, “काका, जूनुं लाव्या छो?” जुना नमुना आणलाय का? मी वही दाखवली. नमुने मांजलपूरला बादलीत पडले होते. चाळीस वर्षं हेच केलंय म्हटलं, बाळा.

संध्याकाळी होज बसवले. हातानंच शेवटपर्यंत गेले, लोण्यात सुरी जावी तसे. होजवर लांबीभर छापलेली ओळ असते, ती सरळ आहे ना, पीळ पडला नाही ना, तेही बघितलं. ताजं लाल तेल ओतलं. अण्णांनी नारळ आणून ठेवला होता.

बटण दाबलं. इंजिन उठलं. आणि पंपाकडच्या चारही जोडांतून तेल झिरपायला लागलं.

एक असता तर समजलो असतो. चारही! पाव फेरी आवळलं. झिरपतंच आहे. अजून जरा आवळलं. थांबलं, बटण दाबलं, पुन्हा झिरपलं. अण्णा पुठ्ठा धरून उभे होते आणि एक शब्द बोलत नव्हते, हे जास्त लागलं. शेवटी म्हणाले, “टेप लावून बघायचं का? नळाला लावतात ती?” मी त्यांच्यावर ओरडलो की या जोडात धातू धातूवर बसतो, इथं टेपचं काम नाही, आणि तिची चिंधी झडपेत गेली तर सगळं उघडावं लागेल. बोललो ते सगळं खरं होतं. चिडलो मात्र त्यांच्यावर नव्हतो.

सिलिंडरकडची टोकं कोरडी होती. तो पुरावा समोर असताना मला अर्धी रात्र लागली. दुसऱ्या दिवशी पंपाकडचं एक निप्पल (पंप आणि होज यांना जोडणारा तुकडा), एक नवा होज आणि बादलीतला एक जुना, असं पिशवीत घालून मकरपुऱ्याला. लेकानं निप्पल हातात घेतलं, उजेडात धरलं.

“काका, आ तो पित्तळ छे.”

पितळ होतं. तेवढी चारच निप्पल पितळी होती, बाकी सगळं पोलाद. मी त्यांना तीन दिवस रॉकेलनं धूत होतो.

त्यानं नव्या होजचं टोक निप्पलवर टेकवलं, फिरवलं, काढून बघितलं. निप्पलच्या निमुळत्या तोंडावर एक बारीक चकचकीत कडा उमटली होती, पूर्ण पट्टा उमटायला हवा तिथं. मग म्हणाला, “आमां कोन जुदो छे.”

मला ऐकू आलं ते मराठीतलं: कोन वेगळा आहे. त्याला म्हणायचं होतं इंग्रजीतलं (cone): निमुळतं टोक, तो कोन, वेगळा आहे. दोन्ही बरोबर. कोनाचा कोन वेगळा होता. जेआयसीचा सदतीस अंशांचा. हे निप्पल पंचेचाळीसचं, फ्रिज-एसीवाले वापरतात तसलं. आणि त्यातली मेख अशी की या मापात दोघांचेही आटे सारखेच, सात सोळांश, वीस. नट आनंदानं जातो, शेवटपर्यंत जातो, आणि आत आठ अंशांच्या फरकावर दोन धातू फक्त एका कडेला टेकतात. जितकं आवळाल तितकी ती कड रुतते, जोड मात्र होत नाही.

कधीतरी कुठल्या तरी जहाजावर या पंपाचं निप्पल गेलं असणार. समुद्रात दुकान कुठलं. शीतगृहाच्या सामानातलं पितळ हाताशी होतं, ते लावलं असेल, आणि त्याला जुळणारं टोक होजला. माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस उभा राहिला, कुठला कोण जाणे, चिंधीनं हात पुसत, आपण जुगाड बरं जमवलं म्हणून खूश. जमवलं होतंच. त्याचा होज कोनासकट जुळत होता. चुकलो मी. आटे मोजून पुढं गेलो, बीएसपी-एनपीटीवर भाषण दिलं आणि नमुना बादलीत ठेवला.

लेक काही बोलला नाही. गल्ल्यावरून बाप म्हणाला, “थाय, काका. बधांनुं थाय.” सगळ्यांचं होतं. तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या जेसीबीचा मांडीएवढा होज मोजत होता.

नवे होज टाकायची गरज नव्हती. नशिबानं त्यांची टोकं बिघडली नव्हती. पितळी निप्पल काढून पोलादी घेतली, पंपाकडं पाव इंची एनपीटी, होजकडं सदतीस अंश. निमुळत्या आट्यांना पातळ सीलंट, टोकाचे दोन आटे सोडून. होजचे जोड नुसतं तेल लावून. यावेळी पाना हाताला सांगतो तसं झालं, बसला की एकदम घट्ट, पुढं कुरकुर नाही.

मग हवा काढायची. यात कौशल्य नाही, सबुरी लागते. वर, खाली, वर, खाली. सुरुवातीला इंजिन थरथरत, अडखळत चढतं, कारण तेल दबत नाही पण हवा दबते. टाकीतून गुळगुळ आवाज, तोंडाशी लाल फेस. फेस बसू द्यायचा, इंजिन वर घेऊन पातळी बघायची, भरायचं, पुन्हा. अण्णांना बटण दिलं. नवव्या-दहाव्या फेरीला इंजिन एका लयीत, सलग उठलं. त्यांनी उगाच आणखी चारदा केलं. बॅटरी उतरेल म्हटलं तेव्हा थांबले.

रात्री इंजिन वर ठेवलं. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर, तो जिथं बाहेर येतो तिथं, मी पिवळ्या लोकरीचा तुकडा घट्ट बांधला. दांडा जराही आत गेला तर लोकर तोंडाला टेकेल. मध्ये एक बोट जागा सोडली. खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी साडेसहाला फोन वाजला.

“बोटभरच आहे,” अण्णा म्हणाले. “माझं बोट तुमच्यापेक्षा जाड आहे, पण बोटभरच.” पुठ्ठ्यावर काय? “एक साळुंकी येऊन गेलीय. तेल नाही.”

रविवारी चांदोदला गेलो. मल्हारराव घाटाकडं गर्दी होती, म्हणून आम्ही जरा बाजूनं बोट उतरवली. नातवंडांना या फेरीला आणलं नव्हतं. जॅकेटं घालून आम्ही दोघं म्हातारे, नारिंगी भोपळ्यांसारखे. वल्ह्यानं खोल पाण्यात गेलो. अण्णा बटण दाबेनात, “तुम्ही,” म्हणाले. मी दाबलं. इंजिन सावकाश वाकलं, पंखा पाण्यात गेला, पाण्यानं एक गोल काढला आणि ते पुन्हा गुळगुळीत झालं. दोघांनी कडेवरून वाकून बघितलं. झेंडूची एक पाकळी गेली. कुणीतरी सोडलेला द्रोण गेला, त्यातली वात विझलेली. पाण्याला पाण्याचाच रंग होता. अण्णांनी हात बुडवला, बोटं चोळून बघितली, वास घेतला आणि कपाळाला लावली. “नर्मदे हर.”

मग किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवली. खोकलंसुद्धा नाही.

“पेट्रोल कधीचं आहे?” मी विचारलं.

अण्णा आकाशाकडं बघायला लागले. “तुमचं तेलाचं काम चाललं होतं ना,” म्हणाले, “मग म्हटलं, कशाला मध्ये...”

वल्ही दोन होती. एक त्यांनी घेतलं.